केळ्याचा वास

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून लिहायला घेतलं आहे. लोहाऱ्याच्या आमच्या कारखान्यात लढाई सुरू झाली आहे, आणि लढाईचा इतिहास जिंकणाऱ्याने लिहून ठेवायचा असतो. जिंकणारा मीच, म्हणजे हरिसिंग आडे, पेंट शॉपचा मुख्य. बोलतो कसाही, पण लिहिताना शुद्ध लिहितो. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी छडीने लावलेली सवय आहे.

आमच्याकडे ट्रॅक्टरची पेरणीयंत्रं बनतात. लोखंड कापणारे, जोडणारे पुष्कळ आहेत. पण त्या लोखंडाला कास्तकाराच्या दारात ऐटीत उभं राहण्यासारखं करतो तो मी. स्प्रे गनने, नारिंगी रंगात.

शत्रूचं नाव अपेक्षा मॅडम. महागावकडची कास्तकाराची पोरगी, वयाने माझ्या लेकीहून लहान, सुरक्षेचा कोर्स करून आलेली. मालक नानाजींनी तिला आणलं कारण मार्चमध्ये नागपूरच्या एका मोठ्या कंपनीचा साहेब तपासणीला येणार आहे. तो 'ठीक' म्हणाला तर ती कंपनी आमची यंत्रं घेणार आणि कारखान्याला बारमाही काम मिळणार. नाही म्हणाला तर पेरणीचा हंगाम सरला की अर्धे लोक घरी. म्हणून पोरगी सांगेल ते ऐकायचं, असा हुकूम आहे.

सकाळी ती बूथमध्ये आली. बूथ म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, पुढे काचेचं दार आणि मागच्या भिंतीला मोठा पंखा असलेली माझी रंगाची खोली.

"काका, तुमचा मास्क कुठं हाय?"

मी खुंटीकडे बोट दाखवलं. मास्क होता. त्यात पेरू होते. बादलने ठेवलेले. बादल माझा भाचा, माझ्याच हाताखाली काम करतो, आणि कोणतीही वस्तू वाया जाऊ देत नाही.

तिने पेरू बादलच्या हातात दिले, मास्क आतून बघितला, मग माझ्या तोंडाकडे इतका वेळ बघत राहिली की गालाला रंग लागला असेल म्हणून मी पुसून घेतलं.

"काका, या मिश्या काढा लागतीन."

मी गन बंद केली.

इतिहासासाठी सांगून ठेवतो. माझ्या गलमिश्या ओठावरून निघतात त्या गालावरून वळण घेत थेट कानाला भेटतात. लग्नानंतर त्यांना कात्री लागली, वस्तरा कधी नाही. आमच्या बंजारा तांड्यावर होळीला लेंगीची गाणी म्हणताना पुढे मी असतो, तो निम्मा आवाजामुळे आणि निम्मा यांच्यामुळे.

"कायले?" मी विचारलं.

"मास्क गालाले चिपकून बसला पाह्यजे. मधात केस आले की फटीतून थिनरची वाफ आत जाते."

"मॅडम, इतकी बारीक चाळणी तुमच्या मास्कात तरी हाय काय? वाफ इथंच गाळून निघते."

बादल खूप हसला. ती हसली नाही. लढाई जाहीर झाली.

बुधवार, ८ जानेवारी

डोकं दुखलं. मॅडममुळे. गेल्या महिन्यातही दुखायचं, पण ते कॉम्प्रेसरच्या आवाजामुळे.

मास्कची गरज काय, तेच मला समजत नाही. दिवाळीत पंख्याची जळलेली मोटार नव्या तारेने गुंडाळून आणली, तेव्हापासून वारा सरळ तोंडावर येतो. एवढ्या थंडगार वाऱ्यात उभं राहून रंग मारायचा आणि वर तोंड बांधायचं, हा कुठला न्याय?

घरी गेलो तर नंदाबाईने दारातच अडवलं. "कपडे बाहेरच काढा. थिनर घमघमून राह्यलं." मी शर्ट नाकाला लावून बघितला. काही नाही. बायकोला भास होतात. जेवायला वांग्याची भाजी होती, तिला ना चव ना वास. हल्ली ही भाजीत लसूण घालतच नाही. विचारलं तर म्हणाली, मूठभर घातला. कोणाच्या मुठीने घातला ते सांगितलं नाही. त्यावरून बोलाचाली झाली, आणि ती ताट न घेताच उठली.

रविवार, १२ जानेवारी

दिवसभर डोकं दुखलं नाही. कारखाना बंद, मॅडम नाही. सिद्ध झालं.

गुरुवार, १६ जानेवारी

मॅडमने बूथबाहेरच्या भिंतीवर चित्रं लावली. एकात मास्क घातलेला माणूस, एकात माणसाकडे रोखलेली, काट मारलेली गन, एकात डब्यातून थिनर ओतताना तारेची क्लिप लावणारी बाई. जेवणाच्या सुट्टीत मी आणि बादलने छोटी गन घेऊन सगळ्यांना गलमिश्या काढल्या. बाईलासुद्धा. शेवटी शेवटी हात असा बसला की केसन् केस दिसत होता.

ती आली. हात मागे बांधून एकेक चित्र बघत गेली.

"शेडिंग भारी हाय, काका. बाईची डावी मिशी थोडी जड झाली."

मी नीट बघितलं. खरोखर जड झाली होती. दुरुस्त केली.

मग ती म्हणाली, इतका सुंदर हात असताना जमिनीवर पिवळ्या रेघा कोणा परक्या पेंटरकडून काढून घेणं बरं दिसत नाही. संध्याकाळपर्यंत मी बूथभोवती, थिनरच्या खोलीभोवती रेघा ओढल्या आणि खोलीच्या दारावर 'येथे ठिणगी नको', खाली 'जेवण नको' असं ठळक अक्षरात लिहिलं. अक्षर फार सुरेख आलं. घरी जाताना गाडीवर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी तिचंच काम करून दिलं.

सोमवार, २० जानेवारी

गनच्या हवेने बादलची टोपी उडवली म्हणून मॅडम रागावली. दाबाने सुटलेला रंग कातडी फोडून आत घुसतो, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून बोट सडतं, असं तिने सांगितलं. फवारा नीट येतो की नाही हे मी आजवर अंगठ्यावर मारूनच बघत आलो आहे. ते मी तिला सांगितलं नाही. यापुढे मारणार नाही. निदान ती बघत असताना नाही.

ओतताना डब्याला अर्थिंगची क्लिप लावायची, हेही तिने करून दाखवलं. थिनर नुसतं धारेने पडलं तरी त्यात वीज साठते म्हणे, आणि एक ठिणगी पुरते. हे मात्र मला पटलं. मी लहान असताना तांड्यावर वीज पडून लिंबाचं झाड उभं चिरलेलं बघितलं आहे. पोरगी सगळंच काही खोटं सांगत नाही.

चार वाजता मला नेहमीसारखी लहर आली. या वेळेला रोज मन आपोआप खुशीत येतं, पाय हलके होतात. लेंगी म्हणत म्हणत रंग मारला. एका यंत्राला दोनदा मारला आणि एक तसंच राहिलं. बादल म्हणाला, "मामा, तुमी न पिता कसे काय झुलता?" मी म्हटलं, कामात आनंद असला की माणूस झुलतो.

गुरुवार, २३ जानेवारी

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरात लिहायला हवा.

मॅडमने मास्कची परीक्षा घेतली. डोक्यावरून एक पारदर्शक पिशवी घालायची, आत मास्क लावून बसायचं, आणि ती पिशवीत एक बाटली फवारते. त्या बाटलीत पिकलेल्या केळ्याचा वास असतो. मास्क गालाला गच्च असेल तर वास येत नाही. फट असेल तर येतो.

आधी बादल बसला. त्याला दाढी-मिशी येतच नाही नीट. पास.

मग मी. मॅडमच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. बाहेर नानाजीही येऊन उभे होते. तिने फवारलं.

"वास येते, काका?"

"नाई."

पुन्हा फवारलं. मान हलवायला लावली, वर, खाली. मोठ्याने वाचायला लावलं.

"आता?"

"काहीच नाई."

मी देवाशपथ खरं बोलत होतो. तिने मास्कच्या कडा तपासल्या. गलमिश्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होत्या. ती घामाघूम झाली. नानाजी म्हणाले, "पोरी, तुह्या पुस्तकात हरिसिंगच्या मिश्या लिहेल नसतीन." सगळा कारखाना हसला. बादलने मला उचललंच.

घरी जाऊन नंदाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "केळ्याचा वास नाई आला तुमाले?" मी म्हटलं, तीच तर गंमत आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. बायकांना नवऱ्याचं कौतुक पटकन जमत नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

हरलेला माणूस डाव परत मागतो. मॅडम सकाळीच म्हणाली की काल तिची एक पायरी चुकली. आधी मास्क न लावता वास ओळखता येतो का ते बघायचं असतं.

तिने एक बाटली माझ्या नाकाखाली धरली. "कसला वास?"

मला उत्तर बादलकडून कालच माहीत झालं होतं. "केळ्याचा," मी म्हटलं. "मस्त पिकलेल्या. जळगावच्या."

"पक्कं?"

"आंगण्यात घड टांगल्यावानी."

मला वाटलं मॅडम चिडेल. तिने नुसतं डोकं हलवलं आणि त्याच बाटलीतले दोन घोट पिऊन टाकले. या शिकलेल्या पोरींचा काही नेम नाही. केळ्याचं तेल पितात का कुणी?

"तुमी ना, काका," एवढंच म्हणून गेली. लढाई संपली असं मी समजतो.

बुधवार, २९ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी मी डबा घेऊन थिनरच्या खोलीत गेलो. तिथे जेवायचं नाही असं मीच दारावर लिहिलं आहे, पण ती खोली सावलीची, आणि कोणी बघत नव्हतं. भाकर आणि ठेचा होता. पायाखाली ओलं लागलं, वाटलं बादलने पाणी सांडलं असेल. ठेच्याने घाम आला म्हणून कोपऱ्यातला जुना टेबलफॅन लावायला हात पुढे केला. त्याच्या बटनातून कधी कधी ठिणगी उडते, पण चालतो.

दारातून मॅडमचा आवाज आला. ओरडली नाही. अगदी हळू म्हणाली, "काका, बटनाले हात लावू नका. कायलेच हात लावू नका. उठा अन् बाहेर या."

मला वाटलं, आत जेवतो म्हणून पकडलं. मग मीही मुद्दाम हसून हात आणखी पुढे नेला.

ती धावत आत आली, माझं मनगट धरलं आणि मला ओढत बाहेर घेऊन गेली. डबा सांडला. बाहेर बघतो तर सगळे लोक गमछा, ओढणी, जे असेल ते नाकाला लावून लांब उभे. बादल गेटकडून पळत आला. "मामा, पार गेटावर वास येऊन राह्यला. तुमी आत काय करून राह्यलते?"

ड्रमची तोटी गळत होती. खोलीची अर्धी जमीन थिनरने भरली होती. मी त्यात बसून भाकर खाल्ली. माझ्या पँटचं बूड ओलं होतं.

"मले सर्दी हाय," मी म्हटलं.

"कवापासून?" मॅडमने विचारलं.

"दिवाळीपासून."

तिने अजून माझं मनगट सोडलं नव्हतं.

गुरुवार, ३० जानेवारी

मॅडमने मला ऑफिसात बसवलं आणि गमछ्याने डोळे बांधले. बादलला वस्तू आणायला सांगितल्या. त्याला खेळच वाटला. एकेक वस्तू नाकाखाली येत होती आणि मी सांगत होतो. कांद्याला मी साबण म्हटलं. साबणाला काहीच नाही म्हटलं. बादल आधी खूप हसत होता, मग त्याचं हसणं थांबलं. शेवटच्या वस्तूला मी अंदाजाने उदबत्ती म्हणालो. डोळे सोडले तर त्याच्या हातात त्याचाच पायमोजा होता, दोन आठवडे न धुतलेला.

मॅडमने सांगितलं की शुक्रवारच्या बाटलीत नळाचं पाणी होतं.

"मंग तवाच काहून नाई बोलल्या?"

"मले वाटलं, तुमी मस्करी करून राह्यले. तुमचा काही भरवसा हाय काय, काका?"

मी गमछ्याची घडी करून खांद्यावर टाकली.

मग ती बूथमध्ये गेली. मी रोज जिथे उभा राहतो तिथे एक दोरा धरला आणि बादलला पंखा लावायला सांगितला. दोरा पंख्याकडे जायला हवा होता. तो उडून तिच्या तोंडावर आला. मोटार गुंडाळून आणल्यावर कोणीतरी तारा उलट्या जोडल्या होत्या. पंखा वाफ बाहेर ओढत नव्हता, बाहेरची हवा आत लोटत होता, आणि रंगाची सगळी वाफ दिवाळीपासून माझ्या नाकातोंडात जात होती. ज्या थंड वाऱ्याचं मी कौतुक करत होतो, तो हाच.

मॅडम दोरा हातात धरून उभी राहिली. "मी मिश्याच्याच मांगं लागली, काका. पंखा पयल्या दिवशीच पाहाले पाह्यजे होता. थे माहं काम होतं."

ती चुकली होती, आणि चारचौघांत कबूल करत होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी म्हटलं, "तुमी पाह्यला नाई, अन् म्या इतके दिवस खाल्ला. फिट्टमफाट."

शनिवार, १ फेब्रुवारी

यवतमाळला नाकाच्या डॉक्टरकडे गेलो होतो. नंदाबाई सोबत होती. डॉक्टरने नाकात उजेड पाडून बघितलं, बरंच विचारलं. डोकं दुखतं का, चक्कर येते का, कारण नसताना हसू येतं का. मी सगळ्याला हो म्हटलं, आणि प्रत्येक हो माझ्या मनातल्या एका कारणाला खोडत गेला. थिनरपासून दूर राहा, म्हणाला. वास परत येईल, नाही तर नाहीही येणार. औषधाची खात्री देत नाही.

परत येताना नंदाबाई गाडीवर मागे बसली होती. लोहाऱ्याचा फाटा गेल्यावर म्हणाली, "म्हंजे माह्या भाजीत लसूण होता."

"होता."

"अन् तुमी किती भांडले."

"भांडलो."

मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. रस्ता खराब होता म्हणून ठेवला असेल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

नानाजींनी मला पॅकिंगला टाकलं. "तुह्या जिवापेक्षा रंग मोठा नाई," म्हणाले. मी दिवसभर पेरणीयंत्रांना प्लास्टिक गुंडाळतो. बूथमध्ये बादल आहे. त्याने मारलेल्या रंगाला ओघळ येतात. आज एक यंत्र आलं, ते रडल्यासारखं दिसत होतं. मी ते उलट्या बाजूने गुंडाळून ठेवलं, पण तपासणीचा साहेब काही प्लास्टिकवरून बघणार नाही. नानाजीही ते ओघळ बघून गेले.

संध्याकाळी चुलीजवळ जाऊन बसलो. नंदाबाई मान वर न करता आपलीच बोलायला लागली.

"तेल तापलं. जिरं टाकलं, तडकलं. आता लसूण. लाल होऊन राह्यला. कसा वास हाय सांगू, तुमच्या बहिणीच्या लग्नात पंगत बसाच्या आधी आला होता ना, तसा."

मी डोळे मिटले. ती पंगत मला आठवली, तिथला आचारीसुद्धा आठवला. वास आला नाही. पण वरण आज बरं लागलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

मी मॅडमला विचारलं, नाक नसलेल्या माणसाची मास्कची परीक्षा होते का. ती म्हणाली होते, जिभेवर. दुसऱ्या बाटलीत कडू औषध असतं, फट असेल तर तोंड कडू होतं.

"आणा," मी म्हटलं. मनात अजून थोडी आशा होती. मिश्यांना तेल लावून, दाबून, चापूनचोपून बसवल्या होत्या.

एका फवाऱ्यात तोंडात कडुलिंब पसरला. मी तरी "काही नाई" म्हणालो. पण तोंड इतकं वाकडं झालं होतं की बादलला पाणी आणायला पळावं लागलं.

"काका, मी सांगणार नाई काढा म्हनून," मॅडम म्हणाली. "पॅकिंगमधी काही वाईट नाई."

हिचं हे असं असतं. सांगितलं असतं तर मी काढल्या नसत्या.

रविवार, ९ फेब्रुवारी

काढल्या.

अंगणात आरसा टांगून बसलो. एक बाजू झाल्यावर बराच वेळ तसाच थांबलो होतो. दुसरी काढल्यावर आरशात आमचा बाप दिसला. घरातला कुत्रा माझ्यावर भुंकला. पाच वर्षं माझ्या हातची भाकर खातो आणि भुंकला.

नंदाबाई पाणी घेऊन आली, "कांई वेगो?" म्हणाली, काय झालं म्हणून, आणि मग तिला दिसलं काय झालं ते. तिने पदर तोंडात कोंबला, पण हसू आवरेना. हंडा खाली ठेवून तिथेच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"काहून हसते?"

"लग्नात हेच तोंड होतं," ती म्हणाली. "मले वाटे, गेलं कुठं थे."

सोमवार, १० फेब्रुवारी

नानाजींनी मला ओळखलंच नाही. "कोण पाहिजे?" विचारलं. कडू बाटलीची परीक्षा पुन्हा झाली. तोंड गोड राहिलं. पंखा आता उलटाचा सुलट झाला आहे, दोरा त्याच्याकडे झेपावतो, ड्रमला नवी तोटी बसली आहे. मास्कच्या वाफ गाळणाऱ्या नळकांड्या नव्या. मी गन हातात घेतली तेव्हा बादल बाजूला झाला आणि सुटलो बाबा असा चेहरा केला.

एक खंत आहे. चार वाजले तरी लहर आली नाही. मास्कमुळे मन उदास राहत असावं. पण एकही यंत्र दोनदा रंगवलं गेलं नाही. आणि मॅडम दिवसभर समोर असूनही डोकं दुखलं नाही. तिची सवय झाली असावी.

मंगळवार, ४ मार्च

तपासणीचा साहेब आला. गोरा, उंच, आणि दाढी. अशी राखलेली, कोरलेली दाढी की मला माझ्या दिवसांची आठवण झाली.

सगळं बघत बघत तो बूथपाशी आला. आत माझी गन चालू होती. तो दार उघडणार तेवढ्यात मॅडम आडवी आली.

"सर, गन चालू असताना मास्कशिवाय आत जाता येत नाही."

"मग द्या ना मास्क."

"तुमच्या दाढीवर तो बसणार नाही, सर."

मी काचेतून बघत होतो. नानाजींचा चेहरा आमच्या प्रायमरसारखा राखाडी झाला.

"मॅडम, मी तपासायला आलो आहे."

"म्हणूनच, सर. काचेतून सगळं दिसतं. गन बंद केल्यावर, हवा साफ झाल्यावर मी स्वतः आत नेते."

मला राहवलं नाही. गन बंद केली, क्लिप तपासली, बाहेर येऊन मास्क काढला.

"साहेब, माह्या कानापर्यंत होत्या," मी म्हटलं. "इचारा कोणालेही. मिश्या काय, परत उगवतात. नाकाचं डॉक्टर सांगत नाई."

साहेबाचा हात आपोआप दाढीवर गेला. माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि काचेपाशी उभा राहिला. मी परत आत जाऊन एक यंत्र पूर्ण रंगवलं, जन्मात रंगवलं नव्हतं असं. मग त्याने दोरा मागितला, पंख्यासमोर धरून बघितला. थिनरच्या खोलीच्या दारावर 'येथे ठिणगी नको' वाचलं आणि अक्षर कोणाचं म्हणून विचारलं. भिंतीवरच्या गलमिशीवाल्या बाईपाशी तो जरा जास्त थांबला.

जाताना नानाजींना म्हणाला, "इतके कारखाने बघितले, मला दारात अडवणारी ही पहिलीच." ठीक आहे, असंही म्हणाला.

त्याची गाडी गेल्यावर नानाजी खुर्चीत बसले. "पोरी, तू त्याले आत जाऊ दिलं असतं तं?"

"तं त्यानं नापास केलं असतं."

"अन् अडवलं म्हनून नापास केलं असतं तं?"

"तं मी महागावले गेली असती, बाबासंगं वावरात."

नानाजी हसायला लागले. मॅडम भिंतीला टेकली. टेकल्या टेकल्या खालीच बसली, मी बघितलं, पण इतिहासात तेवढं लिहायची गरज नव्हती. लिहिलं.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. तांड्यावर लेंगी झाली. गुळगुळीत तोंडाने पुढे उभं राहायला कसंतरी वाटत होतं. पोरं म्हणाली, हे कोण नवे. पण आवाज असा लागला की मला स्वतःलाच नवल वाटलं. गेल्या वर्षी दोन कडव्यांत दम लागत होता, यंदा दुपारपर्यंत गायलो तरी धाप नाही. मिश्यांचं वजन कमी झाल्यामुळे असेल.

मॅडमला बोलावलं होतं, ती आली. बादलने तिच्यासाठी नवे पायमोजे घातले होते. कशासाठी ते मला कळलं नाही, तो तर चपलेवरच फिरत होता.

रविवार, २३ मार्च

एक गुपित लिहितो. मंगळवारी मी बकऱ्यांच्या गोठ्यात गेलो आणि दारातच थांबलो. लेंड्यांचा वास आला. आधी वाटलं आठवण असेल. वाकून खात्री केली. खराखुरा, ताजा, तिखट वास. मी गोठ्यात उभा राहून खोल खोल श्वास घेतले. इतकं सुंदर काही मी या वर्षात हुंगलं नव्हतं. मग हळूहळू बाकीचेही येऊ लागले. ओली माती, साबण, बादल.

मॅडमला सांगितलं. तिने बाटली नाकाखाली धरली आणि मी म्हटलं, पाणी. ती इतकी खूश झाली की तिने मला खरं केळं दिलं.

नंदाबाईला मात्र सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती चुलीपाशी बसून मला एकेक वास सांगायची थांबेल. रोज संध्याकाळी ते ऐकायची मला सवय लागली आहे. लग्न झाल्यापासून तिने माझ्याशी इतकं बोललेलं मला आठवत नाही. तिला काही संशय नाही, मी फार सावध आहे.

पण आज एक काळजीची गोष्ट झाली. ती चुलीत वांगं भाजत होती. भरताचा वास अंगणभर पसरला होता, आणि मी डोळे मिटून तो छातीभर ओढून घेत होतो. आणि ती म्हणाली, "मेथी टाकली पाहा. काय कडवट-गोड वास सुटला."

मी मान डोलावली. "मले काय समजते," म्हटलं.

थोड्या वेळाने म्हणाली, "दूध उतू गेलं वाटते. करपलं."

चुलीवर दूध नव्हतंच. मी पुन्हा म्हटलं, "मले कुठं समजते."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग चुलीवर वाकली आणि तिचे खांदे हलायला लागले. धुराने ठसका लागला असेल. बिचारी. इतकी वर्षं चुलीचा धूर खाल्ला, तिचंही नाक गेलं, आणि तिला पत्ताच नाही.

उद्या मॅडमकडून एक मास्क मागून आणतो. नंदाबाईचे गाल गुळगुळीत आहेत, गच्च बसेल.